वंशावळींत कोणाचें नांव लिहावें?

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें गांव तसें लहानच. परंतु रामनवमीच्या सुमारास तेथें जी यात्रा भरते तींत महाराष्ट्रांतून, तेलंगणांतून व कर्नाटकांतून बंजारा समाजाचे लोक मोठ्या संख्येनें येतात. जगदंबेचें देऊळ व संत सेवालाल महाराज यांची समाधि हीं त्या समाजाचीं श्रद्धास्थानें होत. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं ह्याच गांवीं बंजारा समाजाच्या पूर्वेतिहासाचें एक मोठें संग्रहालय उघडण्यांत आलें. ज्यांचे पूर्वज पिढ्यानुपिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरले, ज्यांस आपलें म्हणावयास एक ठिकाण नव्हतें, त्यांचीं नातवंडें आज एका ठिकाणीं उभीं राहून आपला मागचा माग शोधूं लागलीं आहेत, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

अशा यात्रेंत दोन अनोळखी माणसें भेटलीं म्हणजे एकमेकांचें गोत व तांडा विचारतात. राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे अशीं गोतें सांगितलीं जातात. गोत एकच निघालें तर तीं माणसें भाऊबंद ठरलीं, आणि त्यांच्या घरांत सोयरीक होणार नाहीं. म्हणजे हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हे. कोणाशीं आपलें काय नातें व कोणाचें आपणांवर काय ओझें, हें त्यावरून कळतें.

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांमध्येंहि हल्लीं हा प्रश्न घरोघर निघूं लागला आहे. शाळेंतून आलेला नातू विचारतो, “आजोबा, आपले पूर्वज कोण होते?” त्यावर दोन प्रकारचीं उत्तरें ऐकूं येतात. एक म्हणतो, “आपण नवा जन्म घेतला, आतां जुन्या कुळाची उठाठेव कशाला?” दुसरा म्हणतो, “शोधून तर पाहूं. कदाचित् आपणहि मोठ्या कुळांतले निघूं.” पहिल्यास मागें पाहण्याची लाज वाटते, दुसऱ्यास आहे त्या स्थितीची. दोघांच्याहि मुळाशीं लाजच आहे, आणि लाजेच्या पायावर लिहिलेली वंशावळ खरी निघणें कठीण. म्हणून पूर्वजांचा शोध कसा करावा हें सांगण्यापूर्वीं तो कोणत्या मनानें करावा, ह्याचा विचार प्रथम केला पाहिजे असें आम्हांस वाटतें.

आपल्या देशांत पिढ्यांची आठवण राखण्याचें काम पूर्वींपासून कांहीं लोकांकडे चालत आलेलें आहे. त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रीं तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या नामावळीच्या वह्या ठेवितात. यात्रेकरू आला कीं त्याचें गांव व आडनांव विचारून जुनी वही काढितात, आणि पणज्याच्या वेळची नोंद पणतवापुढें ठेवितात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी लोक गांवोगांव फिरून एकेका घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवितात. बंजारा समाजांत हें काम भाटांचें व ढाडी गायकांचें. तांडा चालता असल्यामुळें त्याची वही बहुधा माणसाच्या कंठांतच राहिली. ह्या सर्वांचे आपण ऋणी आहों. तथापि जो ज्याच्याकडून बिदागी घेतो तो त्याच्या मनासारखें सांगण्याच्या मोहांत पडतो, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. राजपुतान्यांतील राजांपर्यंत पोंचणाऱ्या पिढ्या ऐकून घरधनी संतुष्ट होतो. दुष्काळांत दारोदार फिरलेल्या पणजोबाचें नांव ऐकून तितका होत नाहीं.

कागदांचीहि हीच गोष्ट. कागद खोटें बोलत नाहीं असें आपण समजतों. पण लिहिणाऱ्याचा हेतु कागदांत उतरतोच. वऱ्हाड प्रांत १८५३ सालच्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार हळूहळू मोडत गेला. ज्या लोकांनीं एके काळीं मोठमोठ्या फौजांस धान्य पुरविलें त्यांचा धंदा गेला, आणि सरकारच्या नजरेंत ते संशयास पात्र ठरले. वऱ्हाडांतील बंजाऱ्यांविषयीं जो जुना विस्तृत इंग्रजी लेख आहे, तो कम्बरलेज नांवाच्या पोलीस खात्यांतील अंमलदारानें लिहिलेला असून १८८२ सालीं पुन्हां छापला गेला. पुढें १९१६ सालीं रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातींविषयीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतील बंजाऱ्यांचें प्रकरण मुख्यत्वें त्याच लेखाच्या आधारें लिहिलें आहे. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि कालांतरानें ठिकठिकाणचे बंजारेहि त्याच्या यादींत घातले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला.

ह्याचा अर्थ असा कीं, एकाच पणजोबाविषयीं भाट सांगेल कीं तो राजवंशी होता, आणि पोलिसाची वही सांगेल कीं तो संशयित होता. खरा पणजोबा ह्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी बैल हांकीत, लेंकरें वाढवीत, उन्हांतान्हांत जगला व मेला. त्याला भेटावयाचें असेल तर स्तुति आणि कलंक ह्या दोहोंच्या पलीकडे जावें लागतें.

आतां थोडें गणित करूं. सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ सालचा मानितात. तेव्हांपासून आजपर्यंत २८५ हून अधिक वर्षें झालीं. एका पिढीस २८ वर्षें धरलीं तर ह्या सुमारें दहा पिढ्या होतात. प्रत्येकास आईबाप दोन, आजे-आज्या चार, पणजे-पणज्या आठ; असें दुप्पट करीत गेल्यास दहाव्या पिढींत १०२४ पूर्वजांचीं स्थानें होतात. एकाच समाजांत सोयरिकी होत असल्यामुळें कांहीं माणसें दोनदां मोजलीं जातील हें खरें. तरी शेंकडों उरतातच. आडनांवाची दोरी धरून आपण त्यांतील फक्त एकाच पुरुषापर्यंत पोंचतों. बाकीच्यांनीं काय आपणांस कांहींच दिलें नाहीं? ज्या आयांनीं चालत्या तांड्यांत, वाटेंतल्या झाडाखालीं मुलांस जन्म दिला, त्यांचें रक्त आपल्या अंगांत नाहीं काय? बंजारा नवरी सासरीं जातांना ढावलो म्हणून रडते. तिच्या त्या रडण्यांत तिच्या याडीची व माहेरच्या तांड्याची जी आठवण असते, ती पिढ्यांच्या यादींत येत नाहीं. एका पुरुषाच्या नांवावर अभिमान करावा आणि उरलेल्या शेंकडोंस विसरावें, हा हिशेबच चुकीचा आहे.

बरें, आडनांव तरी कायम राहतें काय? महाराष्ट्राचे मुख्यमंत्री म्हणून १९६३ पासून १९७५ पर्यंत ज्यांनीं काम केलें ते वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे. त्यांचें गोत राठोड. ‘नाईक’ हें मूळचें तांड्याच्या प्रमुखाचें पद, तें पुढें आडनांव झालें. कित्येक तांडे आपल्या नाइकाच्या नांवानेंच ओळखले जातात. पद जातें, नांव राहतें. माणूस जातो, तांड्याला त्याचें नांव राहतें. आणि सरकारच्या याद्या पाहाव्या तर त्याहून चमत्कारिक. महाराष्ट्रांत बंजारा विमुक्त जातींत मोडतात, कर्नाटकांत तेच लोक अनुसूचित जातींत, आणि तेलंगणांत अनुसूचित जमातींत. एका आज्याचे तीन नातू तीन राज्यांत राहिले तर तीन निरनिराळ्या याद्यांत सांपडतील. त्यांच्या आज्याला ह्यांतली एकहि यादी ठाऊक नव्हती.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला ती सांगतों. वर सांगितलेल्या जुन्या लेखांत वऱ्हाडच्या चारण बंजाऱ्यांच्या उत्पत्तीची एक दंतकथा नमूद आहे. मोला नांवाचा एक पुरुष होता व राधा नांवाची त्याची बायको. त्यांस मूलबाळ नव्हतें. तीं दोघें एका राजाच्या दरबारीं गेलीं. मोलानें कसरतीचे खेळ केले, राधेनें गाणें म्हटलें. राजा प्रसन्न झाला. त्यांनीं त्याच्यापाशीं धन मागितलें नाहीं, मुलें मागितलीं. राजानें त्यांस निरनिराळ्या जातींचीं तीन बालकें दिलीं. तीं त्यांनीं आपलीं म्हणून वाढविलीं, आणि आजचीं मोठमोठीं गोतें त्यांच्यापासून चाललीं, असें ती कथा सांगते.

ही कथा इतिहास म्हणून आम्ही सांगत नाहीं. पण तिचें मर्म किती थोर आहे! लोक आपल्या कुळाचा आरंभ एखाद्या राजापासून किंवा देवापासून सांगतात. ह्या कथेनें तो दत्तक घेतलेल्या लेंकरांपासून सांगितला. ज्यांच्या पोटीं मूल नव्हतें तींच दोघें सर्वांचीं आईबाप ठरलीं. जन्म दुसऱ्यानें दिला, पण ज्यानें उचलून घेतलें, भरविलें, नांव दिलें, त्याच्यापासून वंश मोजला गेला.

आमच्या वाचकांस ह्यांत कांहीं ओळखीचें दिसेलच. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं जी वंशावळ दिली आहे, ती योसेफापर्यंत येऊन थांबते. आणि त्या बालकाला योसेफानें केवळ आपलेंसें केलें होतें. त्याच वंशावळींत तामार, राहाब, रूथ व उरियाची बायको अशा चार स्त्रिया आहेत; त्यांपैकीं कोणी परक्या जातीची, कोणाच्या नांवाला लोक बोट लावीत. लिहिणाऱ्याला तीं नांवें सहज गाळतां आलीं असतीं. त्यानें तीं गाळलीं नाहींत.

आमच्या माहितीच्या एका खेड्यांतील कुटुंबांत कांहीं वर्षांपूर्वीं असें घडलें. धाकटा भाऊ शहरांत नोकरीस होता. त्यानें घराण्याची वंशावळ चांगल्या कागदावर लिहवून, कांचेच्या चौकटींत घालून भिंतीवर लावण्याचें ठरविलें. वरच्या ओळींत कोणा सरदाराचें नांव घालण्याचा त्याचा विचार होता. कोणीं तरी तें त्याला सुचविलें होतें. घरांत नव्वदीची आजी होती. तिच्यापुढें कागद वाचून दाखविला तेव्हां ती म्हणाली, “हे काहून लिवतं बाप्पा? तुया पणजोबा त बाभयीखाली सापडला. दुष्काळ होता. एका बाईनं उचलून आणला.” नातवाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “मग आपण ह्या आडनांवाचे कसे?” म्हातारी म्हणाली, “ज्यानं भाकर देल्ली, नाव बी त्याचंच.”

नातवानें कागद गुंडाळून ठेविला, व पुन्हां तो विषय काढला नाहीं. घरच्या इतरांनींहि काढला नाहीं. कोणालाच तें बोलणें रुचलें नव्हतें. त्याच पावसाळ्यांत आजी वारली. पुढें वडील भावाच्या मनानें घेतलें कीं, आजीनें सांगितलें तेंच लिहावें. तो लिहावयास बसला, आणि तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं, ज्या बाईनें तें लेंकरूं बाभळीखालून उचललें तिचें नांव काय, हें आजीला विचारावयाचें राहून गेलें. आजीला तें ठाऊक असलें पाहिजे, कारण सासऱ्याच्या तोंडूनच तिनें ती हकीकत ऐकिली होती. आतां सांगणारें कोणी उरलें नाहीं. त्या घरांत आज पंधरा-वीस माणसें आहेत; तीं सर्व त्या एका बाईमुळें आहेत, आणि तिचें नांव त्यांतील एकालाहि ठाऊक नाहीं. लाजेनें त्यांचें काय गेलें तें पाहा. सरदार तर त्यांचा नव्हताच. पण आई होती, ती गेली.

अशीं घरें थोडीं नाहींत. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या सालच्या मोठ्या दुष्काळांत शेंकडों मुलें पोरकीं झालीं. पंडिता रमाबाईंनीं १८९७ सालीं मध्यप्रांतांत जाऊन दुष्काळपीडित मुली आणिल्या व त्यांस आश्रय दिला. दुसऱ्या अनाथगृहांतहि अशीं मुलें वाढलीं. त्यांतील कित्येकांच्या आईबापांचीं नांवें कोणास ठाऊक नव्हतीं. महाराष्ट्रांतील किती तरी ख्रिस्ती घराणीं अशा मुलामुलींपासून चाललीं आहेत. त्यांच्या वंशजांस आम्ही सांगतों कीं, तुमची वंशावळ अपुरी नाहीं. ‘आईबापांचीं नांवें ठाऊक नाहींत, दुष्काळांत वारलीं, अमक्यानें वाढविलें,’ ही ओळ तुम्ही निःसंकोच लिहा. राजवंशाच्या दहा खोट्या ओळींपेक्षां ती एक ओळ अधिक मोलाची आहे.

आतां आरंभ कसा करावा तें थोडक्यांत सांगतों. एक साधी वही घ्या. प्रथम आपलें नांव, मग आईचें व बापाचें, मग दोहों बाजूंच्या आजा-आजींचें लिहा. आईची बाजू बापाच्या बाजूइतकीच जागा देऊन लिहा, आणि बायकांचीं माहेरचीं नांवें व माहेरचें गांव किंवा तांडा अवश्य नोंदवा. नंतर घरांतल्या व गांवांतल्या वृद्धांकडे जा. विशेषतः वृद्ध स्त्रियांकडे, कारण बाळंतपणें, सोयरिकी व मरणें त्यांच्या ध्यानांत असतात. त्यांस साल विचारूं नका. साल त्यांना सांगतां येणार नाहीं. मानमोडीची साथ आली तेव्हां तो केवढा होता, असें विचारा. ती साथ १९१८ सालची. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडावयास कोण गेलें होतें, असें विचारा. अशा खुणांवरून वर्षें आपोआप जमतात.

मग कागद पाहा. शाळेचें दाखलखारीज रजिस्टर, तलाठ्याकडील सातबारा व जुने फेरफार, तहसील कचेरींतील कोतवाल बुक, ज्यांत गांवांतील जन्ममृत्यूंची नोंद असे, हीं सर्व उपयोगी पडतात. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या व दफनाच्या वह्या उपदेशकांनीं जपून ठेवाव्या. वाळवी व ओल ह्यांपासून त्यांचें रक्षण करणें हीहि एक सेवाच आहे. जुने कागद मोडींत असल्यास जाणत्याकडून वाचून घ्या. आणखी एक ध्यानांत ठेवा: वाशीम १९०५ पर्यंत निराळा जिल्हा होता, मग तो अकोल्यांत मिळविला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां निराळा झाला. म्हणून वाशिमांत कागद न सांपडला तर अकोल्यास शोध करावा लागतो. पण ज्यांचे पूर्वज त्या काळीं फिरते होते त्यांचें नांव कोणत्याच गांवच्या वहींत नसण्याचा संभव आहे. तेथें भाटाचें सांगणें व आजीची आठवण हाच आधार.

प्रत्येक नांवापुढें तें कोठून कळलें हें लिहा: ‘आजीनें सांगितलें’, ‘कोतवाल बुकांत पाहिलें’, ‘भाटानें म्हटलें’. दोघांचें सांगणें जुळलें नाहीं तर दोन्ही लिहा. जेथें ठाऊक नाहीं तेथें जागा कोरी सोडा. कोरी जागा ही खोटी नाहीं. भरलेली जागा खोटी असूं शकते.

ह्या शेवटल्या गोष्टीवर आम्ही विशेष भर देतों, कारण हल्लीं वंशावळ ही केवळ घरची हौस राहिलेली नाहीं. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठीं शपथेवर वंशावळ द्यावी लागते, आणि विमुक्त जातींच्या लोकांकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. न्यायानें मिळावयाचा हक्क जरूर मागावा. तो मागण्यांत लाज नाहीं. परंतु दाखल्यासाठीं दुसऱ्याचा आजा आपला म्हणून लावणें, किंवा चुलत्याचें नांव सोयीसाठीं खोडणें, हा कायद्यापुढें गुन्हा तर आहेच, पण मेलेल्या माणसांचाहि तो अपराध आहे. त्यांना उठून ‘हें खोटें’ असें म्हणतां येत नाहीं. म्हणून त्यांच्या वतीनें खरें बोलण्याचा भार आपणांवर अधिक पडतो.

तर मग वंशावळींत कोणाचें नांव लिहावें? ज्यांनीं जन्म दिला त्यांचें, आणि ज्यांनीं वाढविलें त्यांचेंहि. ज्यांची कीर्ति झाली त्यांचें, आणि ज्यांची बदनामी झाली त्यांचेंहि. पूर्वजांचा शोध म्हणजे आपण कोणाकोणाचें देणें लागतों ह्याची यादी करणें होय. आणि देण्याच्या यादींतून गरीब सावकाराचें नांव खोडणारा मनुष्य प्रामाणिक म्हणवत नाहीं.

वाचकहो, तुमच्या घरांत किंवा शेजारीं ऐंशी-नव्वद वर्षांचें एखादें माणूस असेल. ह्या आठवड्यांत दिवेलागणीनंतर त्याच्याजवळ घटकाभर बसा. वही व पेन्सिल बरोबर न्या. तें जें सांगेल तें ऐका, मध्येंच दुरुस्त करूं नका, आणि तोंड फिरवूं नका. निघतांना एवढें विचारा: “तुम्हांला लहानपणीं कोणीं सांभाळलें? तिचें नांव काय?” आणि तें नांव त्याच रात्रीं लिहून ठेवा.